सिरिलला बसायचं होतं

आमच्या गार्नेट स्ट्रीटवर प्रत्येक घराला एक पुढची खोली होती आणि त्या खोलीत कोणीही बसायचं नाही. सगळं कुटुंब मागच्या स्वयंपाकघरात कोंबलेलं. तिथेच जेवणं, तिथेच भांडणं, आणि दर शुक्रवारी शेगडीसमोर पत्र्याच्या टबात एकाच पाण्यात एकामागून एक अंघोळी. मी सगळ्यात धाकटी, त्यामुळे माझ्या वाट्याला पाणी यायचं ते तीन भावांचा अर्क उतरलेलं. आणि घरातली सगळ्यात मोठी, उजेडाची खोली मात्र 'चांगल्यासाठी' बंद ठेवलेली. चांगलं म्हणजे काय, तर नाताळ, पाद्रीबाबा आणि मयत. घरच्या माणसाला तिथे आडवं व्हायचं असेल तर आधी मरावं लागे.

या धर्माचं सगळ्यात कडक सोवळं आमच्या शेजारी, मॅव्हिस एंटविसलच्या घरात. आम्ही मुलं तिला मॅव्हिस आंटी म्हणायचो, नातं काही नव्हतं. तिच्या पुढच्या खोलीत कोणालाही न वाजवता येणारा पियानो होता, काचेच्या कपाटात कधीही चहा न पाहिलेले कप होते आणि खिडकीकडे पाठ करून एक खुर्ची होती. हिरव्या मखमलीची, रुंद हातांची, पाठीवर लेसचं पांढरंशुभ्र फडकं असलेली. ती खुर्ची बघून आमच्या गल्लीतल्या बायकांना मत्सर वाटायचा आणि पुरुषांना झोप यायची.

मॅव्हिसचा नवरा सिरिल कोळसेवाला. दिवसभर कोळशाची पोती पाठीवरून घरोघर पोचवायची आणि संध्याकाळी अंगावर निम्मा कोळसा घेऊन घरी यायचं. कोळसा उगाळावा तितका काळाच, पण मॅव्हिसने हार मानली नव्हती. ती त्याला मागच्या अंगणातच उभा करायची, कपडे झाडायला लावायची, मग घरात घ्यायची आणि एका लाकडी खुर्चीत बसवायची. त्या खुर्चीला एक पाय आखूड होता. पाठीच्या दुखण्याने सिरिलला सरळ बसवत नव्हतं आणि खुर्ची त्याला सरळ बसू देत नव्हती, म्हणजे जोडा तसा शोभून दिसायचा.

"मॅव्हिस, मी एकदा त्या खुर्चीत बसू का गं?" असं तो दर रविवारी विचारायचा. आमच्या दोन घरांमधली भिंत इतकी पातळ होती की आम्ही त्याचा प्रश्न ऐकून मनातल्या मनात उत्तर द्यायचो.

"कशाला?"

"बसायला."

"पाद्रीबाबा आले तर ते कुठे बसतील?"

"पाद्रीबाबा गेल्या पाच वर्षांत आलेत का?"

"म्हणूनच. आता कधीही येतील!"

मग सिरिल परसातल्या संडासात जाऊन बसायचा. तिथे निदान टेकायला भिंत होती, आणि खिळ्याला अडकवलेले वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे वाचायला मिळायचे. बातमीचा शेवट मात्र कधी सापडायचा नाही, कारण तो आधीच कोणीतरी वापरलेला असायचा.

एका बुधवारी मॅव्हिस डोक्यावर चांगली टोपी घालून, बस पकडून बहिणीकडे गेली. त्याच दुपारी सिरिलची पाठ धरली. तो कमरेत वाकूनच घरी आला. घरात कोणी नाही. लाकडी खुर्चीकडे बघून त्याला रडू आलं म्हणे. पुढच्या खोलीची किल्ली चिनी मातीच्या कुत्र्याच्या पोटात असते हे त्याला, मला आणि अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्याने खोली उघडली, खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि बसणार तोच त्याच्या लक्षात आलं की खिडकी थेट रस्त्यावर आहे. समोर बेसी टॅटरसॉल राहायची. बेसीने पाहिलं असतं तर मॅव्हिस बसमधून उतरायच्या आत तिला बातमी मिळाली असती. म्हणून सिरिलने जाड पडदे ओढून घेतले. मग बसला आणि बसताक्षणी झोपला.

आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं की भरदिवसा पुढच्या खोलीचे पडदे ओढले, की त्या घरात मयत आहे. दुसरा अर्थच नाही. सिरिललाही हे ठाऊक होतं. पण चोरी करताना माणसाला फक्त मालक आठवतो.

बेसीने खिडकीतून पाहिलं आणि हातातली बशी ठेवून रस्त्यात आली. "नोरा! अगं नोरा! एंटविसलांकडे पडदे!"

नोरा म्हणजे माझी आई. गल्लीतली बाळं तीच जगात आणायची आणि म्हातारे तीच धुऊन-पुसून पाठवायची. "मॅव्हिस?" तिने विचारलं.

"मॅव्हिसला मी बसमध्ये चढताना पाहिलं. टोपी घालून."

"मग सिरिलच," आई म्हणाली. "दुपारी वाकून चालला होता बिचारा. पण मग पडदे कोणी ओढले?"

"त्यानेच ओढले असतील. कळलं असेल त्याला, वेळ आली. नेटका माणूस हो! कोणाला त्रास नाही दिला."

बघता बघता शेजारधर्म म्हणून अख्ख्या गल्लीने पडदे ओढले. घरची बाई परत येईपर्यंत आत जायचं नाही, असा रिवाज. आई पांढरी चादर आणि जबडा बांधायची पट्टी घेऊन दारात उभी राहिली. बेसीने हॅम शिजायला टाकला. मयताचा चहा म्हणजे मयताला आलेल्यांचं खाणंपिणं, आणि ते हॅमशिवाय झालं तर आमच्याकडे मेलेल्याचा अपमान, आणि हॅमचा वास सुटल्यावर असतील शितं तर जमतील भुतं. सिरिलला आयुष्यात नमस्कार न केलेली माणसंही डोळे पुसत आली.

मॅव्हिस कोपऱ्यावर बसमधून उतरली. अख्खी गल्ली काळोखी पाहून तिचे डोळे चमकले. "कोण गेलं गं?" तिने मला विचारलं. "टॅटरसॉलांची म्हातारी ना? सुटली बाई!" उत्तराची वाट न बघता ती पुढे चालत आली, हॅमचा वास घेत, टोपी नीट करत. मग तिला दिसलं की टॅटरसॉलांची म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली आहे, चांगली जिवंत, तोंडात मिठाई घोळवत. मग तिला स्वतःची खिडकी दिसली.

तिच्या हातातली पिशवी पडली. बहिणीने दिलेली अंडी फुटून फरशीवरून वाहायला लागली आणि मॅव्हिस, जी उंबऱ्यावर पावलाचा ठसा उमटला तरी घासायला बसायची, त्या अंड्यांमध्येच उभी राहिली.

"मी त्याला बसू दिलं नाही," ती म्हणाली. "नोरा, एकदाच बस म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं?"

आईने तिला धरलं. दोघी पुढे, मागे अख्खी गल्ली. आईने पुढच्या खोलीचं दार उघडलं आणि मयत घोरलं.

पुन्हा घोरलं. मॅव्हिसने झडप घालून पडदा सारला. सिरिल तोंड उघडं टाकून मखमलीत रुतला होता, डोक्यामागचं लेसचं फडकं काळंकुट्ट. उजेडाने त्याचे डोळे उघडले. समोर बायको, तिच्यामागे आई जबड्याची पट्टी घेऊन, तिच्यामागे शोकाकुल जनता. त्याचा चेहरा कोळशाखालीसुद्धा पांढरा पडलेला दिसला.

"मॅव्हिस," तो म्हणाला, "मी पेपर अंथरलाय गं."

मॅव्हिसने टोपी काढली आणि त्याच टोपीने त्याला बडवायला सुरुवात केली. "मेला नाहीस? मेला नाहीस होय रे? लाज नाही वाटत जिवंत राहायला? सगळ्या गल्लीने पडदे ओढलेत तुझ्यासाठी!" बडवता बडवता ती रडायला लागली आणि त्याच्या काळ्या शर्टात तोंड खुपसून रडत राहिली. तिची टोपी गेली, पोशाख गेला, खुर्चीचे हातही काळे झाले.

सिरिल उठायला लागला तसं तिने त्याला मागे ढकललं. "बस आता. बसलायस तर बस."

शिजलेला हॅम काही वाया घालवायचा नसतो. त्या दिवशी मयताचा चहा मयताच्याच हजेरीत, त्याच पुढच्या खोलीत झाला. काचेच्या कपाटातले कप पहिल्यांदा बाहेर आले आणि एका कपाला आधीपासूनच तडा होता हे उघडकीला आलं. हॅमचे सगळ्यात जाड तुकडे सिरिलने खाल्ले. माझा हक्कच आहे म्हणाला.

त्यानंतर खुर्ची त्याची झाली. दर रविवारी जेवण झालं की तो पडदे ओढायचा आणि झोपायचा. कोणी नवा भाडेकरू घाबरून विचारायला आला, तर बेसी समोरून ओरडायची, "मयत नाही हो! सिरिल आहे!"

बरीच वर्षं गेली. एका रविवारी मी माहेरी आले होते. बाहेर पोरं एंटविसलांच्याच भिंतीवर चेंडू आपटत होती. मॅव्हिस आमच्या मागच्या दारात येऊन म्हणाली, "नोरा, चादर घेऊन येतेस?" आईने विचारलं नाही की कशाला. मीही बरोबर गेले.

सिरिल खुर्चीत होता, नेहमीसारखाच, फक्त घोरत नव्हता. मॅव्हिसने त्याच्या डोक्यामागचं फडकं सरळ केलं. मग ती खिडकीशी गेली आणि तिने दोन्ही पडदे टोकापर्यंत उघडून टाकले.

"अगं, उघडतेस काय?" आई दचकून म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"बंद ठेवले तर म्हणतील, झोपलाय."

समोरच्या खिडकीत बेसी चहा पीत बसली होती. रविवारची दुपार आणि एंटविसलांची खिडकी सताड उघडी, हे तिने पाहिलं. तिने कप खाली ठेवला, उठली आणि आपले पडदे ओढून घेतले.