रोजंदारीची टेप

टेप कधी आडवी ठेवायची नाही, ही अंबादासरावांची पहिली शिकवण. हिंगोलीतल्या आमच्या सहकारी संस्थेच्या संगणक खोलीत भिंतभर कपाटं होती आणि त्यांत पुस्तकांसारख्या उभ्या केलेल्या टेपा. मोठ्या कॉम्प्युटरमधला हिशेब रोज त्यांच्यावर उतरवायचा, म्हणजे मशीन बिघडलं तरी माहिती शाबूत. एखादी टेप टेबलावर पडलेली दिसली की ते ओरडायचे, "आडवं माणूस आन् आडवी टेप, दोन्ही कामातून गेले!" हे ते जेवणानंतर खुर्चीत स्वतः आडवे होऊन म्हणायचे.

मी पुसेगावहून रोजंदारीवर आलो, तेव्हा की-बोर्डवर एका बोटानं टकटक करायचो. सगळं काम त्यांनीच शिकवलं. आखाडा बाळापूरहून येणारा त्यांचा डबा आम्हा दोघांत अर्धा-अर्धा. माझ्या लग्नात सख्खा मामा मानपानावरून रुसून बसला, तर हेच डोक्याला फेटा गुंडाळून माझ्यामागे उभे राहिले. "काहून तोंड पाडून राहिला रे बालाजी? एक मामा गेला, दुसरा आला. वाजवा म्हणा बँड!" त्या माणसासाठी मी जीव दिला असता.

नऊ वर्षांनी मी कायम झालो. तोवरच्या रोजंदारीच्या हजेरीच्या चिठ्ठ्या मी पिशवीत जपून ठेवल्या होत्या. ती पिशवी पाहून ते हसले. "हे काय बोचकं घेऊन हिंडून राहिला? कागदाला वाळवी लागते. तुझी हजेरी टेपवर हाय बराबर. मी हाय ना." साहेब चिडला तरी 'मी हाय ना', लेकरू आजारी पडलं तरी 'मी हाय ना'. मी घरी जाऊन चिठ्ठ्या चुलीत घातल्या. पुढे ऑफिसातलं हजेरीपुस्तक खरोखरच वाळवीनं खाल्लं, तेव्हा मला त्यांचं कौतुकच वाटलं.

यंदा जुन्या टेपा मोडीत काढायचं ठरलं. अंबादासराव तोवर निवृत्त होऊन गावी शेतात हळद लावत होते. बाहेरून आलेला इंजिनिअर एकेक टेप वाचून नव्या मशीनमध्ये उतरवायचा आणि मग तिचा चुरा करायचा. मी खुशीत होतो. रोजंदारीची वर्षं पेन्शनला धरू, फक्त हजेरीचा पुरावा आणा, असं संस्थेनं कळवलं होतं. माझा पुरावा कपाटात उभा होता. त्याच्या पाठीवर अंबादासरावांचं वळणदार अक्षर: 'रोजंदारी हजेरी. जपून ठेवणे.'

टेप चढवली. पडद्यावर गोदामातल्या खताच्या गोण्या आल्या. इंजिनिअर म्हणाला, "इस पे बाद में दूसरा माल चढ़ाया है। पुराना तो गया।" कायम नोकरांच्या टेपा मात्र जशाच्या तशा निघाल्या. अंबादासरावांची स्वतःची हजेरीसुद्धा.

मी तडक बाळापूर गाठलं. ते ओसरीवर हळदीचं बेणं निवडत होते. त्यांनी काही लपवलं नाही.

"नव्या टेपा देईनात. कोणती तरी पुसणं भागच व्हतं."

"पण माझीच काहून, सर?"

"मग कोणाची पुसू? पक्क्या नोकराची पुसली असती तर त्यानं चौकशी लावली असती. बाकीचे रोजंदार तर सोडून गेले व्हते. राहिला तू. तू आपला. आपलं माणूस सांभाळून घेते."

"सांगायचं तरी होतं."

"तुला तकलीफ झाली असती."

"आन् टेपवरचं नाव तसंच ठेवलं?"

"तू रोज बघायचास की ते. म्हणलं, पोरगं खुश हाय, राहू द्या."

केसानं गळा कापणं मी आजवर फक्त ऐकून होतो. दुसऱ्या कुणी कापला असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. आतून काकूंनी ताटं वाढल्याची हाक दिली. मी उठलो आणि चपला घातल्या. त्या घरातून न जेवता निघायची ही माझी पहिलीच वेळ.

ते फाटकापर्यंत मागे आले. खरोखरच दुखावले होते. "इतका काहून परक्यावानी करून राहिला, बालाजी?"

"परका असतो ना सर," मी म्हणालो, "तर माझी नऊ वर्षं वाचली असती."