बारा फोल्डर, बारा अक्षता

नवरात्र संपलं की घरात ओटीचे नारळ साठतात, तसे माझ्याकडे हे किस्से साठलेत. नारळाच्या निदान वड्या करता येतात. किश्श्यांचं काय करायचं? कोणी भेटलं की एकेक फोडायचा, एवढंच!

मी कामोठ्यात राहते. घर सांभाळते, सोमवार-संकष्टी-एकादशी सांभाळते आणि गेलं दीड वर्ष किशोरवयीन मुलांसाठी कादंबरी लिहिते. हा क्रम मुद्दामच असा दिलाय, कारण आमच्याकडे तो असाच आहे. लिहायलाही मी व्रतासारखाच नेम घेतला. सकाळी देवापुढे दिवा लावला की आधी एक पान लिहायचं, मगच चहा. चहा हवा असेल तर लिहावंच लागतं. स्फूर्ती-बिर्ती आली नाही तरी चहाची तल्लफ येतेच!

*

पहिलं प्रकरण लिहून झालं, पण वाचून कोणाला दाखवायचं? हे म्हणाले, "मला कादंबरी-बिदंबरी कळत नाही, मी ऐकता ऐकता झोपेन." खरं बोलले बिचारे.

मग मी शेजारी गेले. आमच्या बिल्डिंगमध्ये जनाकाकू आहेत. इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. ही बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. आणि समोरच्या फ्लॅटमध्ये फरीदाभाभी, माहेर श्रीवर्धनकडचं. दोघी शुक्रवारी दुपारी माझ्याकडे आल्या. मी वही उघडली, तर जनाकाकूंनी हात पुढे केला. "अक्षता दे ना!"

"कशाला?"

"गो बाय, कहानी ऐकायची ना? मंग मुठीत दाने नको?"

व्रताची कहाणी ऐकताना मुठीत अक्षता धरायच्या आणि संपली की देवाला वाहायच्या, ही आमच्याकडची पद्धत. ती कादंबरीला लागू होते का, हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही. पण मी अक्षता दिल्या. फरीदाभाभींनीही हात पुढे केला. "ऐकायची पद्धतच असेल तर मी का सोडू? माझे मी चिमण्यांना घालीन."

तेव्हापासून दर शुक्रवारी एक मूठ देवाला आणि एक चिमण्यांना, असं माझं वाचन सुफळ होत आलंय. अजून काय पाहिजे लेखिकेला?

*

कादंबरीची नायिका केतकी, वय चौदा. खाडीत गुपचूप राडारोडा टाकणाऱ्या लोकांचा ती शोध लावते. म्हणजे व्हिलन आलाच. तीन आठवडे खपून मी त्याला उभा केला आणि मोठ्या ऐटीत वाचायला घेतलं.

फरीदाभाभींनी मध्येच थांबवलं. "एक मिनिट. हा केतकीच्या घरी धमकी द्यायला आला ना?"

"हो."

"मग त्याने बेल का वाजवली? आणि चप्पल बाहेर का काढली?"

मी वही पाहिली. खरंच काढली होती. पुढच्या ओळीत केतकीच्या आईने त्याला पाणी दिलं होतं आणि त्याने "थँक्यू वहिनी" म्हटलं होतं!

जनाकाकू म्हणाल्या, "यो चोर हाय का जावय?"

त्यानंतर मी तो प्रसंग सहा वेळा लिहिला. आता तो चप्पल घालून आत येतो. पण लिहिताना अजून त्याला 'चप्पल काढ' म्हणावंसं वाटतं हो. नुकतीच फरशी पुसलेली असते!

*

मुलं आपसात कसं बोलतात ते ऐकायला मी संध्याकाळी बागेत वही घेऊन बसायला लागले. तिसऱ्या दिवशी बॅडमिंटन खेळणाऱ्या चार मुली कमरेवर हात ठेवून समोर उभ्या.

"काकू, आमची कंप्लेंट लिहिताय का?"

"नाही गं, मी गोष्ट लिहितेय."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यातली चष्मेवाली म्हणाली, "लिहितच असाल तर आमची पण लिहा. कोर्टवर एकच लाइट लागतो. नेट फाटलंय. आणि सेक्रेटरी अंकल रिप्लायच देत नाहीत."

मी लिहून घेतलं. मग वाटलं, लिहिलंच आहे तर सेक्रेटरींना देऊन टाकू. महिन्याभरात कोर्टवर लाइट लागले, नवीन नेट आलं! सेक्रेटरी भेटल्यावर म्हणाले, "वहिनी, काय जबरदस्त लिहिता हो तुम्ही!"

माझ्या लिखाणाला मिळालेली ही पहिली दाद.

*

आता आमच्या ऋचाबद्दल. माझी मुलगी, पंधरा वर्षांची. खरं म्हणजे ही सगळी खटपट तिच्यासाठीच सुरू झाली होती. ती नववीत गेली आणि आमचं बोलणं "जेवलीस का?" आणि "हो" यावर आलं. दिवा लाव म्हटलं तर "थांब ना!" मी जबरदस्ती करत नाही. वर्षभरात ती देव्हाऱ्यासमोर उभी राहिली नव्हती, पण देवाला माहीत आहे, हे वय 'थांब ना' म्हणण्याचंच असतं. मनात आलं, हिच्याशी बोलता येत नाही तर हिच्यासाठी लिहून बघू.

एकदा ती मागून जाता जाता माझ्या वहीत डोकावली. तिने एकच ओळ वाचली.

"आई, 'अय्या' कोण म्हणतं?"

"केतकी म्हणते."

"मग केतकी पन्नास वर्षांची आहे." आणि गेली!

मी त्या रात्रीच्या जेवणाआधी वहीतून सतरा 'अय्या' काढले. पण ते नंतर. आधी हसून घेतलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती माझ्याशी सलग दोन वाक्यं बोलली होती!

*

एकदा लिहिता लिहिता मी इतकी रमले की कुकर लावायचा राहिला. आतूनच ओरडले, "ऋचा, खिचडीला तांदूळ धुवून ठेव गं!"

आमच्याकडे वर्षाचे तांदूळ वाशीच्या मार्केटमधून येतात. रोजच्याला कोलम, बुटका दाणा. अक्षताही त्याच्याच. आणि सणावाराला बासमती, वेगळ्या डब्यात, वरच्या फळीवर. ऋचाने स्टूल घेतलं, वरचा डबा काढला आणि मूगडाळीच्या खिचडीला दोन वाट्या बासमती लावला!

"अगं, हा बासमती आहे!"

"राइस इज राइस, आई."

हे म्हणाले, "लेखिकेच्या घरची खिचडी आहे ही. भारीच लागणार." दोनदा घेतली त्यांनी.

*

कादंबरी पूर्ण झाली तशी एका प्रकाशनाकडे पाठवली. तिथल्या संपादकबाईंचा फोन आला. आवाज इतका गोड, की मी उभी राहूनच बोलले.

"ताई, छान लिहिलंय. पण पाचव्या प्रकरणात केतकी मिसळ खाते, दोन पानं. सातव्यात पुरणपोळी. नवव्यात तर चोराचा पाठलाग सोडून वडापाव खायला थांबते! हे सगळं कशासाठी?"

मी कॅलेंडर काढलं. पाचवं प्रकरण संकष्टीला लिहिलेलं. सातवं एकादशीला. नववं महाशिवरात्रीला!

बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की पलीकडून कोणीतरी त्यांना पाणी दिल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "पुरणपोळी राहू दे. बाकीचं पोटभर जेवून पुन्हा लिहा."

आणि मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "हे आतापर्यंत कोणी वाचलंय?"

"दोघींनी ऐकलंय. एक त्रेसष्टच्या, एक अठ्ठेचाळीसच्या."

"आणि पुस्तक चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी!" त्या म्हणाल्या. "ताई, एक करा. त्या वयाचं एक मूल शेवटच्या पानापर्यंत जाऊ दे. तुम्ही सांगून नाही, आपणहून. ते झालं की पाठवा, आपण छापू. मध्येच सोडलं, तर कुठे सोडलं तेवढं मला कळवा."

*

आपणहून! घरात त्या वयाचं एकच मूल, आणि त्याचं मत मला आधीच माहीत होतं. कारण मी एकदा विचारलं होतं.

"आई, तू लिहिलंय ना? म्हणजे शेवटी ती मुलगी सुधारणार आणि आईला सॉरी म्हणणार. नको मला."

आणि शेवट अगदी तोच होता!

तो शेवट मी फाडला. नवीन सुचायला दोन महिने लागले. आता शेवटी केतकी कोणाला सॉरी म्हणत नाही. तिची आई मात्र तिच्याबरोबर खाडीवर जाते आणि चिखलात उभी राहून म्हणते, "तू सांगत होतीस ते मी ऐकलंच नाही." शुक्रवारी हे वाचलं तेव्हा जनाकाकू बराच वेळ मूठ उघडेनात. मग म्हणाल्या, "आता बराबर हाय."

त्या दिवशी मी देवापुढे पळीभर पाणी सोडून संकल्प केला. ऋचाला एकदाही "वाच" म्हणायचं नाही. आजवर निर्जळी उपास केलेत, पण इतकं कठीण व्रत कधी केलं नव्हतं!

*

पण वाचलंय की नाही हे कळणार कसं? उपाय माझ्याच कादंबरीत होता. म्हणजे तो मूळचा जनाकाकूंचा. त्या म्हणाल्या होत्या, "आमची आय सुकटीच्या डब्यावर तांदलाचा दाना ठेवायची. दाना पडला का समजायची, कोनीतरी हात मारलाय." मला ही युक्ती एवढी आवडली की चौथ्या प्रकरणात केतकी तीच वापरते.

कादंबरीची बारा प्रकरणं बारा पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर कुंकवातली एक अक्षता. पानं बाहेर ओढली की दाणा पडणारच. थोडी भक्ती, थोडी हेरगिरी! फोल्डरची चळत जेवणाच्या टेबलावर कोपऱ्यात ठेवली आणि मी भाजी निवडत बसले.

रोज दुपारी ऋचा क्लासला गेली की चळत हातात घ्यायची. बाहेरूनच लाल ठिपके मोजायचे. बारा. दुसऱ्या दिवशी बारा. आठवड्याने बारा. शुक्रवारी जनाकाकू विचारायच्या, "पडला का गो दाना?" मी नाही म्हणून मान हलवायची. फरीदाभाभी म्हणायच्या, "मी दुवा करतेय. तू तुझ्या देवाला सांग, मी माझ्या अल्लाला सांगते. कोणाकडून तरी निरोप पोचेल."

तीन आठवडे झाले. बाराच्या बारा ठिपके जागच्या जागी. मनात म्हटलं, ठीक आहे. कोर्टवर लाइट लागले, शुक्रवारला दोन मैत्रिणी मिळाल्या, 'अय्या' गेले. देवाने काही कमी दिलं नाही. संपादकबाईंना सांगून टाकू, मूल पहिल्या पानापर्यंतसुद्धा आलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी चष्मा लावला आणि फोल्डर कपाटात ठेवण्यासाठी एकेक पुसायला घेतले. पहिल्यातली अक्षता हातावर घेतली.

लांब होती. बारीक, टोकदार. कुंकू लावलेली, पण लांब!

दुसऱ्यातली बघितली. लांब. तिसरी, चौथी, पाचवी. मी पुढचे भराभर उघडले. अकरावीपर्यंत सगळ्या लांब. मी स्वयंपाकघरात गेले. स्टूल ओट्याला टेकवलेलं होतं आणि वरच्या फळीवरच्या डब्याचं झाकण तिरकं बसलेलं होतं.

बाराव्या फोल्डरमध्ये दाणाच नव्हता. खाली वाकून बघितलं, टेबलाखाली, खुर्चीखाली. कुठेच नाही. त्यातला लाल ठिपका मी काल दुपारी बाहेरून मोजला होता, आज मोजायचं सोडलं होतं.

दिवेलागणीची वेळ झाली होती. म्हटलं, आधी दिवा लावू. समई पेटवली, हात जोडले आणि गणपतीकडे बघितलं. सकाळी देव मीच पुसले होते, फुलं मीच वाहिली होती. त्याच्या पायाशी, जास्वंदीच्या पाकळीवर, एकच दाणा होता. लाल आणि लांब.

मी ऋचाला काही विचारलं नाही. संकल्प होता ना! जेवायला मात्र बासमती लावला.

हे ताटावर बसले आणि भाताकडे बघून चकित झाले. "आज साधा मंगळवार, आणि बासमती?"

"उद्यापन आहे," मी म्हटलं.

"उद्यापन? कसलं?"

ऋचाने ताटातून मान वर केली नाही. भात कालवता कालवता म्हणाली,

"बाबा, तू जेव ना गपचूप!"