प्राचीच्या खुराकाचा तक्ता

तहसील कार्यालयात बसून मी बावीस वर्षं लोकांना दाखले देत आलोय, आणि आयुष्यात खोटा कागद एकच केला, तोही दुधा-अंड्यांचा.

त्याचं असं झालं. आमची प्राची बारावी पास झाली आणि तिच्या खो-खोमुळे चांदूर बाजारातल्या आमच्या घराला एकदम भाव आला. पूर्वी खेळणाऱ्या पोरीला कॉलेज फी माफ करायचं, वर एक ट्रॅकसूट द्यायचं (तोही दोन मापं मोठा!), आणि आईबाप खूश व्हायचे. आता नवीनच निघालंय. फी माफ तर आहेच, शिवाय राहणं, मेस, एसटीचा पास, बूट, खुराक, म्हणजे शिकताना जो काही वरखर्च होईल त्याचा दर महिन्याला भत्ता! त्यामुळे अकोल्याचं कॉलेज अमरावतीच्या पोरी पळवतं, अमरावतीचं अकोल्याच्या, आणि मधल्यामध्ये माझ्यासारखे बाप उगाचच कॉलर ताठ करून फिरतात.

आधी आले अकोल्याचे गावंडे सर. पेढ्यांचा डबा घेऊन आले, सोफ्यावर बसले आणि भत्त्याचा असा आकडा बोलले, की माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

"बोला भाऊ, पक्कं समजू का?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात आतून प्राची आली. "मले अमरावतीलेच जायचं हाय. वानखडे मॅडमपाशी. पोलवर कसं वळाचं ते त्याच शिकवतात."

"अवं, पण भत्ता!"

"भत्ता घेऊन काय मैदानात पळू?"

पोरगी माझी आहे, पण जीभ आईची आहे. सर पेढे ठेवून गेले, एवढंच त्यातलं समाधान.

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या वानखडे मॅडमचा फोन. संघात एकच जागा उरली होती, आणि तिच्यासाठी अकोटची एक पोरगीही रांगेत होती. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, आमचं कॉलेज बोली लावत नाही. पोरीचा खरा खर्च किती, तेवढंच देते. तक्ता पाठवते, भरून द्या."

खरा खर्च! आता तुम्हीच सांगा, अकोल्याचा आकडा कानात घुमत असताना माणसानं खरा खर्च कसा लिहावा? प्राची रोज दोन अंडी, एक ग्लास दूध आणि दोन केळी खाते. मी पेन उचललं आणि लिहिलं: दूध दोन लिटर. अंडी दहा. केळी एक डझन. मग हात सैल सुटला. बदाम मूठभर, खजूर पंधरा, तूप अर्धी वाटी, मोड आलेली मटकी एक गंज, म्हणजे पातेलं भरून!

आमच्या सौ., म्हणजे सुनंदा, खांद्यावरून वाचत होती. "हे पोट्टी हाय का बैलजोडी?"

"तुले समजत नाही. खेळाडूचा खुराक असाच अस्ते."

"मंग ह्या खेळाडूले आंघोळीले जाले टाइम कवा भेटन?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं. खाली छापलं होतं, 'वरील माहिती खरी असून खोटी आढळल्यास प्रवेश रद्द होईल.' त्यावर झोकात सही ठोकली आणि तक्ता मोबाइलवरून पाठवून दिला.

संध्याकाळी उत्तर आलं. 'रविवारी सकाळी घरी भेट देऊ. मुलीचा दिवसाचा आहार प्रत्यक्ष पाहू. सोबत लेखापाल असतील.'

ऑफिसात मी स्वतः किती जणांना दरडावलं होतं, "खोटं लिहिलं तर गुन्हा दाखल होते बरं का!" आणि इथे तर पोरीची जागाच जायची होती. मी रात्रभर विचार केला आणि एका सरकारी माणसाला सुचावा तसाच उपाय मला सुचला. कागद खोटा असेल, तर तो खरा करायचा. म्हणजे पोरीला खायला घालायचं!

मंगळवारी प्राचीनं पाच अंडी खाल्ली. बुधवारी सहा. गुरुवारी ती सरावाला गेली आणि अर्ध्या तासात परत आली.

"बाबा, मले पयता पयता झोप येऊन रायली."

"सवय होईन बेटा. अजून एक खजूर घे."

"तुमाले मी संघात पायजे का दवाखान्यात?"

शुक्रवारपासून तिनं जाहीर संप केला. दोन अंडी, एक ग्लास, दोन केळी. बास! मी विनवण्या केल्या, ओरडलो, शेवटी बुटांची लालूच दाखवली. पोरगी ढिम्म हलली नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता पाहुणे हजर. वानखडे मॅडम म्हणजे उंच, काटक बाई, गळ्यात शिट्टी. त्यांच्यामागे लेखापाल, हातात फाइल. मी तक्त्याबरहुकूम सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. दहा सोललेली अंडी, दुधाचं पातेलं, केळ्यांचा फणा, मटकीचा गंज. एखाद्या बारशाची तयारी वाटत होती.

"काय भाऊ, हे सगळं एकटीचं?" मॅडमनी विचारलं.

"हो जी. कमीच हाय आज."

(हे 'कमीच' मी का बोललो, ते मला अजून कळलेलं नाही.)

प्राची बसली. शांतपणे दोन अंडी खाल्ली, ग्लासभर दूध प्यायली, दोन केळी सोलली आणि उठली. "झालं माझं."

लेखापालांनी फाइल उघडली. मी झटकन पुढे झालो. "बाकीचं ते प्रॅक्टिस झाल्यावर खाते मॅडम. तशी शिस्तच हाय तिची."

"असं का? मग आधी प्रॅक्टिसच पाहू. चल बेटा."

प्राची, मॅडम आणि लेखापाल समोरच्या शाळेच्या मैदानावर गेले. 'आलोच' म्हणून मी मागे राहिलो. टेबलावर आठ अंडी माझ्याकडे बघत होती. ही मंडळी परत येणार, पोरगी खाणार नाही, तक्ता खोटा ठरणार, जागा अकोटला जाणार. पण समजा, टेबलावर काही उरलंच नसलं तर? कोण काय विचारणार!

मी बसलो. पहिली तीन अंडी मिठासह खाल्ली, पुढची तीन मिठाशिवाय. मध्येमध्ये दूध. खजूर तर मी चावलेसुद्धा नाहीत, तसेच ढकलले. सातव्या अंड्याला सुनंदा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली.

"हे काय करून राहिले तुमी?"

"पुरावा संपवून रायलो," मी अंड्यामागून म्हणालो. "आले की सांगू, प्राचीनं खाल्लं."

सुनंदानं बशा खाली ठेवल्या. "आवो, प्राची त्यायच्यापाशी हाय न! ते तिकडं मैदानात पयते, मंग इकडं खाल्लं कोनं?"

सातवं अंडं घशात जागच्या जागी थांबलं. हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता! आणि तेव्हाच दारात चपला वाजल्या.

मॅडमनी टेबलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मिशीला साय, गालात अंडं, हातात केळं. लेखापाल चष्मा काढून पुसू लागले.

"मॅडम," प्राची पुढे आली, "माह्या बाबानं वाढवून लिवलं. मी जेवढं खाल्लं न सकाळी, तेवढाच माहा खुराक हाय. भत्ता कमी द्या, नका देऊ, पण मले तुमच्यापाशीच खेळू द्या."

खरं सांगतो, मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, आणि पोरीचा इतका अभिमानही. डोळ्यांत पाणीच आलं. (थोडं अंड्यामुळेही असेल.) मी कसाबसा गिळून हात जोडले. "मॅडम, चूक माही हाय. पोरीची जागा नका घालवू."

"जागा तर मी तिले ग्राउंडवरच देऊन आली, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "तिचं वळणं पाहिलं अन् विषय संपला. उरला हा तुमचा तक्ता."

त्यांनी लाल पेन घेतलं, माझ्या दहा अंड्यांवर आडवी रेघ मारली आणि प्राचीला विचारून खरे आकडे लिहिले. मग शेऱ्याच्या रकान्यात आणखी एक ओळ लिहिली आणि लेखापालांनी त्यावर गंभीरपणे शिक्का मारला: 'खेळाडू पात्र. वडिलांचा खुराक बंद करावा.'

मला वाटलं, गंमत झाली, संपलं. पण तो कागद कॉलेजच्या फाइलला लागला होता. प्रवेशाच्या दिवशी आम्ही अमरावतीला गेलो. ऑफिसात सगळे पालक ओळीनं बसले होते. शिपाई चहा-बिस्किटांचा ट्रे घेऊन एकेकासमोर वाकत आला, माझ्यापाशी पोचला, हातातल्या यादीत माझ्या नावापुढचा शेरा पाहिला, आणि ट्रे उचलून पुढच्या माणसाकडे गेला.