पाण्याला लागलेलं फॅट

पारनेरहून राळेगणकडे जाणाऱ्या रस्त्याला एक वाडी आहे. दिशा सुट्टीसाठी गावी आली आणि वाडीच्या थांब्यावर एसटीतून उतरून बघतच राहिली. तिथं शेजारच्या पंकजावहिनीचा फ्लेक्स लागला होता.

त्या जागी आजवर पुढाऱ्यांचे आणि वाढदिवसवाल्यांचे चेहरे लागायचे. बाईचा चेहरा पहिल्यांदाच. डोक्यावर पदर, ओठ मिटलेले. खाली ठळक अक्षरं: ‘पुण्याच्या म्युझिक कंपनीत गीतकार म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : आबासाहेब व समस्त परिवार.’

आबासाहेब म्हणजे वहिनीचे सासरे. “बाईमाणसानं गाणी रचून काय हुतंय?” असं म्हणणारे हेच.

वहिनी सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या संकलन केंद्रावर दूध मोजते, मशीनवर त्याचं फॅट तपासते. आणि गाणी रचते. कुणाकडे डोहाळजेवण असलं की बाया तिला बोलावणं धाडतात. किटल्या विसळता विसळता तिची ओळ जमते. दिशाने मराठीत एम.ए. केलंय, कविता पुष्कळ वाचल्यात. पण वहिनीच्या एका गाण्यापाशी ती दर वेळी थांबते:

सातव्या महिन्यात लेकीला पाणी लागंना गोड,
आईच्या दारातल्या रांजणाची ओढ.

संध्याकाळी केंद्रावरची गर्दी ओसरल्यावर वहिनीने सगळं सांगितलं. मोबाईलवर एक जाहिरात दिसली. तिने हेच गाणं म्हणून त्या नंबरला पाठवलं. दुसऱ्याच दिवशी निवड झाल्याचा फोन आला. आता स्टुडिओत रेकॉर्डिंग करायचं, आणि त्याचा खर्च वहिनीने आधी भरायचा. त्यासाठी आबांनी कालवड विकायला काढली होती.

“मग?”

“मग काय! आनंद व्हायला पाहिजे. हुईना.” वहिनी हात पुसत म्हणाली. “दिशा, दिवाळीला तू काय म्हनली हुतीस? तिसरं कडवं ढिलं हाय.”

“आहेच ढिलं.”

“व्हय ना? मलाबी कळतंय. पर ह्या कंपनीवाल्यांना न्हाई दिसलं. मी विचारलं, काही दुरुस्ती? तर म्हनले, एक अक्षर हलवू नका. विचारलं, गान्यावर नाव कुनाचं? म्हनले, ते नंतर बघू. पैसं मातुर आजच बघायचं.”

“सोडून दे ना मग.”

“फ्लेक्स बघितलास ना? आबांनी भावकीत पेढे वाटलेत. जलमात पयल्यांदा त्यांनी माझं गानं चारचौघांत चांगलं म्हनलं. नुसत्या संशयावर त्यांची मान खाली घालू?”



बोलता बोलता वहिनीने फॅटच्या मशीनला वाटीभर पाणी लावलं.

“हे कशाला?”

“सकाळधरनं समद्यांचं फॅट सारखंच येतंय. गाईचंबी, म्हशीचंबी. असं झालं की मी साधं पानी लावून बघते. पान्यालाबी फॅट दाखवलं, तर दूध चांगलं हाय असं न्हाई, मशीन बिघडलंय.”

मशीनवर आकडा उमटला. पाण्याला गाईच्या दुधाचं फॅट. वहिनी आकड्याकडे बघत राहिली. मग कोपऱ्यातलं पशुखाद्याचं रिकामं पोतं तिने पुढे ओढलं आणि त्यावरच्या सूचना मोबाईलवर उतरवायला बसली.

“काय करतेस?”

“दुसरं गानं धाडते. बघू त्यांचं मशीन काय दाखवतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायची शेवटची माणसं उरली होती. आबासाहेब कट्ट्यावर बसलेले. आसाराम किटली घेऊन उभा. वाडीत कुणाची फजिती झाली की ती आधी आसारामच्या तोंडून फिरते. तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. नंबर कंपनीचा. तिने आसारामकडे पाहिलं, मग आबांकडे. क्षणभर घुटमळली. आणि स्पीकर चालू केला.

“मॅडम, अभिनंदन! दुसऱ्या गाण्याचीही निवड झाली. काय लिहिलंय! ‘दुभत्या जनावरांना सकाळ-संध्याकाळ समान विभागून द्यावे’. यात समतेचा विचार आहे. आणि ‘पावसापासून जपावे’ ही ओळ तर काळजाला भिडली. दोन्ही गाणी एकदम केली तर सवलत देऊ.”

आसारामच्या हातातली किटली हिंदकळली. “अरं, हे तर पेंडीच्या पोत्यावरचं!” तो खदाखदा हसला. “मग माझी म्हैस गेली धा वर्सं कविताच खाती म्हना की! आबा, पेढे परत गोळा करायचे का आता?”

“तुझ्या पोटातनं कसं काढू?” आबासाहेब म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

“साहेब,” वहिनी फोनमध्ये शांतपणे बोलली, “गानं तुमाला पाहिजे असंल, तर पैसं तुमी द्यायचं. मी कशाला? आनि आधी ते ऐकायला शिका.” तिने फोन ठेवला.

आबासाहेब सुनेकडे न बघता उठले. थांब्याच्या दिशेने चालू लागले. वहिनीचा चेहरा पडला.

“गेले फ्लेक्स उतरवायला,” ती म्हणाली. “आता वरीसभर घरात गान्याचं नाव काढायची सोय न्हाई.”

दुपारी दोघी थांब्यावर गेल्या. आबासाहेब स्टुलावर उभे होते. हातात बैलगाडीच्या आसाला लावायच्या वंगणाचा डबा. फ्लेक्स जागच्या जागी होता. फक्त ‘पुण्याच्या म्युझिक कंपनीत’ यावर काळा पट्टा ओढला होता आणि आता बोट ‘निवड झाल्याबद्दल’वरून फिरत होतं. वहिनीचा चेहरा तसाच. ‘गीतकार’ तसंच. ‘हार्दिक अभिनंदन’ तसंच.

“आबा, लोक हसतील,” वहिनी म्हणाली.

“हसू दे. कंपनी खोटी निघाली. गानं खोटं निघालं व्हय?” ते खाली न बघताच बोलले. “स्टूल धर नीट.”

वहिनीने स्टूल धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट.

सुट्टी संपायच्या आधी दिशाने ते गाणं ओट्यावर बसून आपल्या मोबाईलवर घेतलं. खर्च काहीच नाही. सुरुवातीला वहिनीने स्वतःच सांगितलं, “ह्या गान्याचे शब्द माझे, पंकजाचे.” आणि गाऊ लागली. तिसरं कडवं नवं होतं. दिशा ऐकतच राहिली. काय बदललं ते तिला सांगता येईना. ढिलं मात्र काही उरलं नव्हतं.

त्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच गोठ्यात राहिलेली ती कालवड हंबरते. दिशा म्हणाली, तेवढं कापून टाकते.

“राहू दे,” आबासाहेब म्हणाले. “तीबी हायच त्यात.”