कठड्यावरचा हात

बबनच्या कानाची अंबरनाथ एमआयडीसीत ख्याती होती. आता ख्याती म्हणजे काय, तर पोलाद ओतणाऱ्या एका कारखान्यातल्या पन्नास-साठ माणसांत. पण तेवढी पुरे. भट्टीत भंगार टाकायचं, वरून मांडीएवढ्या जाड तीन काळ्या कांड्या सोडायच्या. कांडीचं टोक आणि भंगार यांच्यामध्ये वीज कडाडते आणि लोखंडाचं पाणी होतं. कांडी फार वर राहिली तर वीज तुटते, फार खाली गेली तर कांडी भंगारात रुतून मोडते. मधलं नेमकं अंतर बबन आवाजावरून सांगायचा. मीटरचा काटा तेव्हा असा नाचत असतो की त्याच्या नादी कोण लागणार? बत्तीस वर्षं सगळे बबनच्या कानावर हवाला ठेवून होते.

आणि गंमत बघा, गेलं वर्षभर बबनला त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. भट्टीनंच कान खाल्ले. पण कळणार कसं? भट्टीपाशी तसंही कोणी बोलत नाही, खुणा करतात. अंगठा खाली म्हणजे कांडी खाली घे, अंगठा वर म्हणजे वर, मूठ म्हणजे बस, जमलं. बबन प्लॅटफॉर्मच्या लोखंडी कठड्यावर डावा तळहात ठेवायचा. अंतर जमलं की कठड्याची थरथर एकसारखी व्हायची, आणि उजव्या हाताची मूठ वळायची. लोक म्हणत, काय कान आहे हो म्हाताऱ्याचा!

घरी, बुवापाड्यात, फक्त बायकोला हे ठाऊक होतं. भागीरथी समोर येऊन बोलायची, म्हणजे ओठांवरून त्याला कळायचं. पाठीमागून हाक मारणं तिनं सोडूनच दिलं होतं.

"कोणाला बोलू नकोस," तो म्हणाला होता. "भट्टीच्या पॅनलवरून काढतील, गेटवर नेऊन बसवतील."

"नाही बोलत. पण मग सकाळी उठून रेडिओ कोणासाठी लावता?"

दीड महिन्यापूर्वी एका सकाळी, सात वाजून गेल्यावर, भागीरथी मोरीत पडली. बबन पुढच्या खोलीत बुटाच्या नाड्या बांधत होता. तिनं तीन हाका मारल्या. समोर येणं तिला त्या दिवशी जमलं नाही. बबननं नाड्या बांधल्या, डबा घेतला, दार ओढलं आणि तो ड्यूटीवर गेला. हाका ऐकून शेजारची कौसाबाई मागच्या दारानं आत शिरली, तोवर उशीर झाला होता. बबनला निरोप कारखान्याच्या गेटवर मिळाला.

"मी तर सातच्या आधीच निघालो होतो," त्यानं सगळ्यांना सांगितलं. घरात होतो म्हटलं असतं, तर हाका कशा ऐकल्या नाहीत, हा प्रश्न आलाच असता. बायको जमिनीवर ठेवलेली आणि याला पॅनलची चिंता. आपण किती हलकट आहोत हे त्याला तिथंच कळलं होतं, पण शब्द तोंडातून गेले ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लोक जमले, तेव्हाही तो हेच बोलला. कौसाबाई तेवढी खाली मान घालून उठून गेली.

त्यानंतर तो जेवायचा, झोपायचा, ड्यूटी करायचा. रडू आलं नाही. दुःख होत होतं असंही नाही. काहीच होत नव्हतं. एकदा गरम चहा मांडीवर सांडला, तर तो डागाकडे बघत बसला.

अशात कारखान्यात नवीन रेग्युलेटर आला. कांड्या आपणच वरखाली करणारा. पण कुठल्या कांडीला किती अंतर हवं, ते त्याला एकदा शिकवावं लागतं. बदलापूरची तेजल, कारखान्यातली नवी इंजिनियर, काचेआड पॅनलच्या कळांपाशी बसली. बबन कठड्यापाशी उभा राहिला. त्यानं तळहात टेकला.

हाताला काहीच लागेना. गेल्या आठवड्यातल्या दुरुस्तीत प्लॅटफॉर्मखाली रबराचे ठोकळे बसवले होते, तो हादरू नये म्हणून. कठडा गार आणि मुका.

आता सांगायचं, की नाही? बबननं अंगठा खाली केला. तेजलनं कांडी खाली घेतली. थरथर येईल म्हणून तो वाट बघत राहिला, अंगठा खालीच. कांडी आणखी खाली गेली, आणखी. मग एकाएकी भट्टीतला उजेड गेला आणि तेजल धावत बाहेर आली. कांडी रुतून सांध्यात मोडली होती.

"कधीची घरघरत होती ती," तेजल म्हणाली. ती तोंडासमोर होती म्हणून त्याला कळलं. "म्हटलं, काका सांगतायत म्हणजे बरोबरच असेल. खाली मातीचं ढेकूळ आलं असेल ना? तसंच लिहू का?"

कोणीही विश्वास ठेवला असता. भंगारात माती असतेच. सातच्या आधीच निघालो होतो, याच्याइतकंच सोपं होतं ते. बबनचा हात अजून कठड्यावरच होता.

"ढेकूळ नव्हतं," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. तसं लिही."

तिनं वही मिटली. मग उघडली आणि लिहिलं. दुपारी त्याला पॅनलच्या किल्ल्या जमा करायला सांगितल्या. त्यानं केल्या.

घरी आल्यावर तो आपल्या दारात न थांबता कौसाबाईच्या दारात गेला. ती तांदूळ निवडत होती. दीड महिन्यात तिनं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, आताही पाहिलं नाही.

"मी लवकर निघालो नव्हतो," बबन म्हणाला. "घरातच होतो. मला ऐकू येत नाही, म्हणून मला कळलं नाही."

सूप तसंच ठेवून कौसाबाई उठली. त्याच्या समोर आली, अगदी भागीरथी यायची तशी, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दार ओढलेलं मी ऐकलं होतं. मला वाटलं, हाका ऐकूनसुद्धा तुम्ही गेलात. तिलाही तसंच वाटलं असेल हो."

"नाही," बबन म्हणाला. "तिला माहीत होतं."

आणि मग त्याला उंबऱ्यावर बसावं लागलं.