कौसल्याबाईंचा राजदरबार

वाशीच्या स्टँडवर तिकीट फाडता फाडता कंडक्टर म्हणाला, “सेक्रेटरी, येडशीला कशाला जाताव? नर्सबाई परवाच वारल्या की.”

“हट्. मागल्या सोमवारीच झापलंय मला त्यांनी.”

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, आणि तेव्हा मला ते खरं वाटलं... माझ्या पिशवीत त्यांच्यासाठी घेतलेले पेरू होते. येडशी कधी मागं पडली ते कळलंच नाही, थेट उस्मानाबादला जाऊन उतरलो. महिना होऊन गेला, तरी डोकं अजून त्याच एसटीत बसलेलं आहे.

शेतकरी सोसायटीची सेक्रेटरीगिरी हा माझा पोटाचा धंदा. खरा मी गावच्या नाट्यमंडळाचा राजा. आवाज खणखणीत आणि मिशा घरच्याच, त्यामुळे सलग दहा वर्षं सिंहासन माझ्याकडे होतं. त्या सिंहासनामागचा राजदरबाराचा पडदा आम्ही सोलापुरातून रंगवून आणला होता. त्यावरच्या सिंहाचा एक डोळा जरा तिरळा होता, पण ते आम्ही कुणाला बोलू देत नसू.

बहात्तरच्या दुष्काळात नाटक बंद पडलं आणि पडदा सोसायटीच्या गोदामात गेला. माझी मंगल तेव्हा सात वर्षांची. टँकरचं मोजकं पाणी आणि रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची कोरडी भाकरी. सहा दिवस तिचं पोट साफ झालं नव्हतं. सकाळी मी मोठ्या तोऱ्यात तिला पळीभर एरंडेल पाजलं आणि कामाला गेलो. गुण येईना म्हणून बायकोनं पाजलं. बायको टँकरला गेल्यावर आईनं पाजलं, वर शेजारणीकडची जुलाबाची गोळीही दिली. सगळ्यांनी मायेनंच दिलं, एकमेकांना विचारलं मात्र कुणीच नाही.

दुपारी घरी आलो तर पोर ओल्या फडक्यासारखी पडलेली. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. हाक मारली तर नुसत्या पापण्या हलल्या. मी तसाच अनवाणी नर्सबाईंना आणायला पळालो.

आमच्या गावच्या नर्स कौसल्याबाई बौद्ध घरातल्या. तोवर माझ्या आईनं त्यांना ओसरीच्या आत घेतलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चपला काढल्या, सरळ चुलीपाशी जाऊन मीठ-साखरेचं पाणी केलं आणि चमच्यानं मंगलच्या ओठांना लावलं. आई भिंतीला टेकून बघत राहिली. मग सोसायटीच्या चेअरमनची जीप दवाखान्याकडं निघाली. वाटेतच बाईंनी एकेकाला विचारलं आणि आमचं बिंग फुटलं.

“सेक्रेटरी, लेकराचं पोट हाय का बैलाचं?” त्या म्हणाल्या. “औषध डॉक्टरला इचारून, मापानं, अन् घरातल्या एकाच माणसानं द्यायचं. गुण आला न्हाय म्हणून वरून दुसरं न्हाय. पोट फुगलं, उलटी झाली, तर कायबी पाजायचं न्हाय. उचलायचं अन् दवाखाना गाठायचा.”

दोन दिवस सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी मंगलनं भाकरी मागितली आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन रडलो.

डॉक्टरांनी तिचं वजन बघून शौच मऊ करणारं औषध दिलं. बाई रोज सायकलवरून येऊन झाकणाच्या खुणेपर्यंत मोजून द्यायच्या. पोर बरी दिसली तशी मी बाटली फडताळात ठेवली. त्यांनी ती पुन्हा बाहेर काढली. “डॉक्टर म्हणल्याबिगर थांबवायचं न्हाय. परत आवळलं की परत एरंडेल घेऊन पळताल तुमी.” आणि मग मंगलला जवळ घेऊन त्यांनी, आम्हा तिघांपैकी कुणाला सुचलं नव्हतं ते विचारलं, “बाय, तू बसायला का जात न्हाईस गं?”

मंगल बोटाशी चाळा करत म्हणाली, “रानात ज्वारीच न्हाय. समदं दिसतंय...”

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. औषधाला तिघं धावलो आणि पोर नुसती आडोशासाठी अडली होती. गावातल्या किती पोरी अशा दाबून बसल्या असतील...

“दरबाराचा पडदा कुठं हाय?” बाईंनी मला विचारलं.

“गोदामात. पण बाई, सोलापूरचा हाय तो...”

“दहा वर्षं तुमी बसलाव की त्या पडद्यापुढं. आता पोरींना मागं बसू द्या.”

ओढ्याकाठी चार बांबूंवर राजदरबार उभा राहिला. नियम बाईंचाच: पलीकडून जाणाऱ्यानं दोनदा खाकरायचं, आत कुणी असेल तर ‘हाय’ म्हणायचं. पुढं पाऊस झाला, ज्वारी उभी राहिली, पडदा फाटला. तो कुठं गेला याची मी चौकशी केली नाही, राजाचा मान आधीच गेला होता.

परवा धीर करून येडशीला गेलो. बाईंची भावजय घर आवरत होती. मागच्या दारी न्हाणीला एक विटका कपडा टांगलेला. “लई जुना हाय, पण अक्का टाकू देत नव्हत्या,” ती म्हणाली. जवळ गेलो. रंग उडालेला, कडा उसवलेल्या, पण तिरळा डोळा तोच.

नकळत मी दोनदा खाकरलो आणि तिथंच थांबून राहिलो... आतून कुणी ‘हाय’ म्हणालं नाही.