गणपतीपुढची रेल्वे: बटणाची की डिजिटल

काकू नसत्या तर मी आज गोंदियाकडे, मामाच्या पिठाच्या गिरणीत पांढरा होऊन बसलो असतो, हे आधी लिहून ठेवतो. काकू म्हणजे माझ्या घरमालकीण, पहाटे बाजारात झेंडू विकतात. काका म्हणजे त्यांचे यजमान, रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर. घरच्या गणपतीपुढं ते दरवर्षी छोटी रेल्वे मांडतात आणि बाप्पा मधोमध स्टेशनमास्तरासारखे बसतात, कशालाच जबाबदार नसल्यासारखे.

नववीत शाळा सोडून मी नाशकात आलो आणि तिथल्याच अंबडच्या एमआयडीसीत एका शेठकडे विजेच्या पॅनेलच्या वायरिंगला लागलो, पण कच्चा, रोजावर. शेठ काकांचे दोस्त. काकांनी त्यांना परस्पर सांगून टाकलं, "यंदा रेल्वेचं वायरिंग हाच करील. दर्शनाला या. गाडी चालली तर पक्का करा, नाही तर घरी धाडा." माझी झोप तिथंच गेली.

वाद होता कंट्रोलचा. जुन्या पद्धतीत बटण फिरवलं की रुळात करंट येतो आणि त्या रुळावरचं इंजिन पळतं. दोन गाड्या हव्या तर रूळ वेगळे, कंट्रोलर वेगळे. डिजिटलमध्ये एकच डबा सगळ्या रुळांना करंट देतो, प्रत्येक इंजिनात चिप असते, आणि मोबाइलवर ज्याचा नंबर दाबाल तेच हलतं.

"ज्याला हाक मारली तोच येणार," काका खुशीत म्हणाले.

"मग ते आपल्या घरात नाय चालायचं," काकू म्हणाल्या. "इथं ज्याला हाक मारते तो सोडून सगळे येतात."

मी भित्रा. वर माडीवर काकांना म्हणालो, डिजिटल भारी. खाली काकूंना म्हणालो, जुनंच बरं. मग दोघांनी एकदमच चहाला बोलावलं.

काकूंनी एवढंच विचारलं, "यंदा गोदावरीचा पूल केलाय ना? लोक पैसे टाकणार त्यात."

"रंगवलेल्या पुठ्ठ्यात?" काका हसले.

"तुम्ही इंजिनातून टाकायचे, तेव्हा खाली उतरून पाणी बघत होतात का?"

मी कप खाली ठेवला. दोन रुळांवर नाणं आडवं पडलं की शॉर्ट. डिजिटलचा डबा एकच, तो बसला की सगळंच बसलं. जुन्या पद्धतीत फक्त पुलाची लाइन गेली असती. कसाबसा म्हणालो, "काका, जुनंच करू." काका चहा अर्धा टाकून वर निघून गेले.

शेठ आरतीला आले. गाडी पुलावर येताच त्यांनीच खिशात हात घातला, नाणं टाकलं आणि डोळे मिटून हात जोडले. नाणं बरोब्बर रुळांवर आडवं. गाडी थांबली. आतल्या रुळावरची दुसरी मात्र बाप्पाभोवती मजेत फिरत होती.

शेठनी डोळे उघडले. "ही थांबली, मग ती कशी चालतीये?"

"पुलाची लाइन वेगळी ठेवलीये. लोक पैसे टाकणार, असं काकू म्हणाल्या होत्या."

"लोक म्हणजे मी," शेठ म्हणाले. मी नाणं उचललं, बटण फिरवलं, गाडी पुलापार गेली. "सोमवारपासून पक्का. आता प्रसाद द्या."

काकूंना सांगायला गेलो तर त्या झेंडू निवडत होत्या. "मग आता तरी नीट जेव," म्हणाल्या.

काकांनी आयुष्यभर लोकांना गावोगावी पोचवलं. काकू मात्र बाजार बुडेल म्हणून कधी कुठं गेल्या नाहीत. पहिली भरपगारी रजा मिळाली की फुलांच्या पाट्यांमागं मी बसणार आणि त्या दोघांना खऱ्या रेल्वेत खिडकीशी बसवून देणार. हार ओवायला अजून जमत नाही, शिकतोय.